पाऊलमोजणी: कंबर, मनगट, घोटा (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५ : काय करायचे आहे

एकाच माणसाच्या कमरेवर, मनगटावर आणि घोट्यावर एकसारखी तीन नोंदयंत्रे बांधायची, तिन्हींवर एकाच वेळी कच्ची आकडेवारी साठवायची, आणि कोणत्या जागी कोणती मोजणी टिकते ते नंतर संगणकावर पाहायचे. मोजणीचा प्रोग्राम थेट यंत्रात घालून पडद्यावरचा आकडा बघत बसण्यात अर्थ नाही. आकडा चुकला तर का चुकला, हे कच्ची लहर हाती असल्याशिवाय कळत नाही.

जपानी औद्योगिक मानक पाऊलमापकाला १०० पावलांत ३ पावलांची चूक माफ करते. सपाट रस्त्यावर तेवढे साधलेच पाहिजे. आमची अट त्याहून कडक: एकूण बेरीज तर जुळावीच, पण एकेक पाऊलही जुळावे.

एका संचाचे साहित्य: अर्डुइनो प्रो मिनी हे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड (३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ), जीवाय-५२१ बोर्डावरचा एमपीयू-६०५० सेन्सर (त्यात त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो), मायक्रोएसडी कार्डाचे साधे बोर्ड, १५० एमएएच लिथियम पॉलिमर सेल (संरक्षण सर्किटसह), टीपी४०५६ चार्जर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वेल्क्रोचा पट्टा.

खरेदी करताना दोन गोष्टी बघायच्या. बाजारात सहज मिळणाऱ्या मायक्रोएसडी बोर्डावर ५ व्होल्टसाठीचा रेग्युलेटर असतो. तो स्वतःच १ व्होल्टहून जास्त खातो, त्यामुळे ३.३ व्होल्ट दिले तर कार्डापर्यंत जेमतेम २.२ पोचतात आणि कार्ड उघडतच नाही. रेग्युलेटर नसलेले बोर्ड घ्यावे. दुसरे म्हणजे टीपी४०५६ बोर्डावर १.२ किलोओहमचा रोधक असतो, त्याने चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअरवर जातो. १५० एमएएचच्या सेलला तो धोकादायक आहे. रोधक काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह १३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो.

७ जानेवारी : सेन्सर खरा की दुसराच

जोडणीत सेन्सरच्या ए४ आणि ए५ या पिना सोडल्या तर अडचण नाही. प्रो मिनीवर ही दोन भोके कडेला नसून बोर्डाच्या आत असतात, तिथे बारीक तारच सोल्डर करावी लागते. कार्ड १० ते १३ या पिनांवर. कपॅसिटर कार्डाच्या अगदी जवळ.

जीवाय-५२१ नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्या बोर्डांवर एमपीयू-६०५० असतोच असे नाही. हेक्स (सोळा-आधारी अंक) ७५ हे रजिस्टर, म्हणजे चिपमधला नोंदीचा कप्पा, वाचावे. हेक्स ६८ आले तर ठीक. हेक्स ७० आले तर तो एमपीयू-६५०० आहे, आणि त्याच्या ॲक्सेलरोमीटरचा फिल्टर वेगळ्या रजिस्टरमध्ये (हेक्स १डी) बसतो. जुन्या पत्त्यावर लिहिलेली किंमत त्यात गपचूप वाया जाते आणि लहरीत खरखर राहते. तिन्ही संचांत एकाच जातीचा सेन्सर हवा, नाहीतर जागेची तुलना करायला जाऊन सेन्सरची तुलना होते.

वीज दिल्यावर हा सेन्सर झोपलेला असतो. हेक्स ६बी मध्ये शून्य लिहीपर्यंत सगळे आकडे शून्यच दिसतात. तार सैल असल्याची शंका घेण्याआधी हे तपासावे.

१० जानेवारी : मर्यादा, फिल्टर आणि भुताटकी

१ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढे त्वरण. कंबर आणि मनगटाला ±४ जी मर्यादा (१ जीला सेन्सरचा आकडा ८१९२), घोट्याला ±८ जी (१ जी = ४०९६). टाच टेकते तेव्हा घोट्यावरचा झटका ४ जी ओलांडू शकतो. आतला डिजिटल फिल्टर हा मोजमाप झाल्यानंतरचा टप्पा आहे, त्यामुळे शेंडा एकदा कापला गेला की फिल्टर तो परत आणत नाही.

नमुने सेकंदाला ५०. चालण्याची मुख्य लय १.५ ते २.५ हर्ट्झ आणि धावण्याची ३ च्या आसपास, म्हणजे ५० भरपूर झाले. पण फिल्टर मूळ स्थितीत ठेवला तर बँडविड्थ (आत येऊ दिलेल्या कंपनांची वरची मर्यादा) २६० हर्ट्झ असते, आणि तिथे घोटाळा होतो. ५० च्या दराने नमुने घेताना ४८ हर्ट्झचे कंपन २ हर्ट्झ म्हणून दिसते, अगदी चालण्याच्या पट्ट्यात. मिनिटाला २,८८० फेरे घेणारे इंजिन किंवा मोटर हे कंपन देते. म्हणजे स्कूटरवर निवांत बसलेला माणूस कागदावर मिनिटाला १२० पावले चालू शकतो. एकदा नमुन्यात शिरलेली ही भुताटकी पुढच्या कुठल्याही गणिताने निघत नाही.

हेक्स १ए मध्ये ५ लिहिले की बँडविड्थ १० हर्ट्झ होते आणि विलंब १३.८ मिलिसेकंद. ३ (४४ हर्ट्झ) पुरत नाही, कारण ५० च्या दराला खरी मर्यादा २५ हर्ट्झची. फिल्टर चालू असताना आतला दर १,००० असतो, म्हणून हेक्स १९ मध्ये साधे (दशमान) १९ लिहायचे: १,००० ÷ (१ + १९) = ५०.

१४ जानेवारी : सिरियलवर दिसणारे खोटे वेळापत्रक

तपासणीसाठी आकडे सिरियलवर (संगणकाला जोडलेल्या तारेवर) पाठवताना एक ओळ साधारण २४ अक्षरांची होते. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एका अक्षराला १० बिट, म्हणजे ओळीला २५ मिलिसेकंद. दोन नमुन्यांत अंतर आहे २० मिलिसेकंदांचे. बफर भरला की प्रोग्राम थांबून राहतो, दर घसरतो आणि लय खऱ्यापेक्षा जलद झाल्यासारखी वाटते.

वेग वाढवताना ११५२०० निवडू नये. ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून तो वेग ३.५ टक्के चुकतो आणि अक्षरे बिघडतात. ३८४०० वर चूक फक्त ०.२ टक्के आहे, ओळीला सव्वासहा मिलिसेकंद लागतात. तेवढे पुरते.

१८ जानेवारी : कार्डावर नोंद

एसडी कार्ड मधूनच शंभरेक मिलिसेकंद अडून बसते, कार्ड कितीही चांगले असले तरी. तेवढ्यात पाच नमुने गेले. उपाय सेन्सरमध्येच आहे: १,०२४ बाइटांची फिफो रांग (आधी आलेला नमुना आधी बाहेर). फक्त ॲक्सेलरोमीटर ठेवला तर एका नमुन्याला ६ बाइट, म्हणजे १७० नमुने, सुमारे ३.४ सेकंदांची सोय. रांग सुरू करायला हेक्स २३ मध्ये हेक्स ०८, हेक्स ६ए मध्ये हेक्स ४० लिहायचे. शिल्लक किती ते हेक्स ७२ आणि ७३ मध्ये, माल ७४ मध्ये.

यात दोन खड्डे आहेत. अर्डुइनोची वायर लायब्ररी (सेन्सरशी बोलणारा तयार कोड) एका वेळी ३२ बाइटच देते. सहा नमुने म्हणजे ३६ बाइट मागितले की शेवटचे चार मिळत नाहीत आणि पुढचे सगळे आकडे सरकतात: एक्सच्या जागी वाय, वायच्या जागी झेड. पाच-पाच नमुने, म्हणजे ३० बाइटच मागावे. दुसरा खड्डा रांग तुडुंब भरल्यावरचा. १,०२४ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे भरून वाहिलेली रांग पुन्हा सरळ होत नाही. ती रिकामीच करावी आणि तिथे तुटीची खूण ठेवावी. तुटीची खूण नसलेली नोंद पाऊल जुळवायला कामाची नाही.

कार्डावरचा एक खण ५१२ बाइटांचा. त्यात ८४ नमुने (५०४ बाइट), ४ बाइट वेळ, २ बाइट क्रमांक, २ बाइट बॅटरीचा व्होल्टेज. बेरीज बरोबर ५१२. एक खण १.६८ सेकंदांचा, तासाला साधारण १.१ मेगाबाइट. सेल ३.५ व्होल्टच्या खाली आला की नोंद थांबवायची, नाहीतर लिहिता लिहिता वीज खचते आणि फाइलच बंद होत नाही.

१९ जानेवारी : सहा बाजूंचे कॅलिब्रेशन

प्रत्येक अक्ष एकदा वर, एकदा खाली, असे सहा वेळा सपाट फरशीवर स्थिर ठेवायचे आणि दर वेळी दहा सेकंदांची सरासरी काढायची. शून्याची चूक = (वरचा + खालचा) ÷ २. एक जीचे माप = (वरचा − खालचा) ÷ २. डेटाशीटप्रमाणे एक्स आणि वायवर ±५० मिलीजी आणि झेडवर ±८० मिलीजी चूक असू शकते. मंद चालीत कमरेवरची लहरच ०.१ जीच्या आसपास असते, म्हणून हे टाळता येत नाही. कॅलिब्रेशन न करता माणूस नुसता वाकला तरी एकूण त्वरणात पायरी उमटते आणि ती पावलासारखी दिसते.

२५ जानेवारी : बांधणी आणि तिन्ही लहरींचा स्वभाव

कमरेवर दर पावलाला एक शिखर, डावे-उजवे जवळपास सारखे. सर्वांत शहाणी लहर हीच. पँटच्या पट्ट्याला घट्ट क्लिप लावावी. पंजाबी ड्रेसला पट्टा नसतो, तिथे इलॅस्टिकचा वेगळा पट्टा. साडीत परकराच्या नाडीला क्लिप चालते, निऱ्यांच्या घडीत खोचलेले यंत्र चालत नाही. शर्टाच्या खिशात यंत्र स्वतःच झुलते, आणि त्या झुलण्याचे दुसरे शिखर पावलाच्या मागोमाग येते.

घोट्यावर एका पायाचेच पाऊल दिसते. शिखर मोठे आणि स्वच्छ, पण दोन पावलांमागे एक. मोजून दुप्पट करायचे. प्रत्येक चालीच्या टोकाला एका पावलाचा हिशेब चुकू शकतो, लांब चालीत ते जाणवत नाही.

मनगट अवघड. हात एकदा पुढे-मागे जाऊन येतो तेवढ्यात दोन पावले पडतात, म्हणून एकाच अक्षावर बघितले तर अर्धी लय दिसते. तिन्ही अक्षांचे एकत्रित परिमाण घेतले तर चित्र सुधारते. हात लोलकासारखा झुलतो, आणि तळाशी तो सर्वांत वेगात असताना केंद्राकडे ओढणारे त्वरण सर्वाधिक असते. पुढे जाताना एकदा, मागे येताना एकदा. म्हणजे परिमाणात पावलाचीच लय उमटते. कोपर वाकवून चालणाऱ्याचा हात मात्र पुढे जास्त आणि मागे कमी जातो, आणि अर्धी लय मागच्या दाराने परत येते.

१ फेब्रुवारी : खरी पावले कोण सांगणार

पायांचा व्हिडिओ, सेकंदाला ६० चित्रे, आणि चालणाऱ्याच्या मागून दुसऱ्याच्या हातात टॅली काउंटर. काउंटर फक्त बेरीज तपासायला. पावलाची वेळ व्हिडिओतूनच घ्यायची. पाऊल म्हणजे टाच टेकण्याचा क्षण. जागेवर वळताना होणारी पायांची चाळवाचाळव पाऊल धरायची की नाही हे आधी लिहून ठेवावे, नाहीतर दोन माणसे एकच व्हिडिओ वेगवेगळा मोजतात. आम्ही ती धरत नाही.

वेळ जुळवण्यासाठी तिन्ही यंत्रे एका फळीवर ठेवून कॅमेऱ्यासमोर फळीला तीन टिचक्या. सुरुवातीला आणि शेवटीही. शेवटच्या टिचक्या वगळू नयेत: सेन्सरचे आतले घड्याळ ५ टक्क्यांपर्यंत चुकू शकते, म्हणजे दहा मिनिटांत अर्धा मिनिट. घड्याळ जायरोकडून घेतले तर चूक १ टक्क्यावर येते, पण जायरो एकटाच ३.६ मिलिअँपिअर खातो. दोन्ही टोकांच्या टिचक्या असल्या की मधला काळ समप्रमाणात ताणून बसवता येतो.

८ फेब्रुवारी : पहिली मोजणी

क्रम असा. तिन्ही अक्षांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. मग संथ सरासरी वजा करून गुरुत्वाकर्षण काढायचे: सरासरी = सरासरी + (नमुना − सरासरी) ÷ ३२. ही पाव हर्ट्झच्या खालचे सगळे गिळते, आणि माणूस वाकला-उठला तरी दोनेक सेकंदांत सावरते. उरलेल्यावर याच पद्धतीची गुळगुळीत सरासरी ३/८ या गुणकाने लागोपाठ दोनदा, म्हणजे २.४ हर्ट्झच्या आसपास वरची खरखर उतरू लागते.

मागच्या ५० नमुन्यांतला कमाल आणि किमान घेऊन त्यांचा मध्य हा उंबरठा. लहर उंबरठ्यावरून खाली उतरली की एक संभाव्य पाऊल. कमाल-किमान फरक ०.०८ जीपेक्षा कमी असेल तर उंबरठ्याकडे बघायचेच नाही, नाहीतर खुर्चीत बसलेल्याचा श्वासही मोजला जातो. दोन पावलांत किमान पाव सेकंद, कमाल दोन सेकंद.

यंत्रात हे गणित घालताना सांभाळायचे: या अर्डुइनोत साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो. १८२ चा वर्गही त्यात मावत नाही. गुणाकाराआधीच ३२ बिट करावे लागतात. तेही चिन्हविरहित, कारण तीन वर्गांची बेरीज ३.२ अब्जांपर्यंत जाते आणि चिन्हासहित ३२ बिटांची मर्यादा २.१ अब्जांची आहे. ही गडबड हळू चालताना दिसत नाही, जोरात पाऊल पडले की दिसते. म्हणूनच ती शोधायला वेळ लागतो.

१५ फेब्रुवारी : नियमितपणाचे फाटक

नुसती शिखरे मोजली तर उठणे, वळणे, पिशवी उचलणे सगळे पाऊल ठरते. त्यामुळे संभाव्य पावले आधी फाटकाबाहेर थांबवायची. लागोपाठ सहा आली, आणि प्रत्येक अंतर आधीच्या सरासरीच्या तीस टक्क्यांच्या आत असले, की फाटक उघडते आणि थांबवलेली सहाही एकदम खात्यात जमा होतात. जमा करण्याची ही ओळ राहिली तर दर चालीमागे पाच पावले बुडतात. दिवसात चाळीस तुटक चाली असतील तर दोनशे.

सहा हा आकडा तडजोडीचा. दहा ठेवला तर रिक्षातले धक्के जवळपास सगळे बाहेर राहतात, पण ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंतची सात पावले कधीच मोजली जात नाहीत, आणि घरातली बरीचशी चाल अशीच तुकड्यांची असते. चार ठेवला तर उलटे. यंत्र कोणासाठी आहे ते ठरवल्याशिवाय हा आकडा ठरत नाही. आजीसाठी चार, रोज एसटीने जाणाऱ्यासाठी दहा.

२२ फेब्रुवारी : मनगट, अर्धे आणि दुप्पट

मनगटावर शिखरे मोजणे सोडून दिले. त्याऐवजी स्वसहसंबंध: चार सेकंदांची लहर (२०० नमुने) स्वतःवरच सरकवत न्यायची आणि किती सरकवल्यावर ती स्वतःशी सर्वांत चांगली जुळते ते पाहायचे. सरक १२ ते १०० नमुने. जिथे जुळते तो पावलाचा काळ, किंवा दोन पावलांचा.

निवाडा असा: सर्वांत उंच शिखर ज्या सरकेवर आहे तिच्या निम्म्यावरही त्याच्या किमान अर्ध्या उंचीचे शिखर असेल, तर निम्मा काळ खरा. मिनिटाला ९० च्या पुढच्या चालीत हे छान चालते. मिनिटाला ७० पावले टाकणाऱ्याचा पावलाचा काळ ०.८६ सेकंद असतो आणि १४० च्या लयीत पळणाऱ्याच्या दोन पावलांचा काळही तेवढाच. त्यांना फक्त काळावरून वेगळे करता येत नाही, लहरीची उंची बघावी लागते: पळताना ती कितीतरी मोठी.

८ मेगाहर्ट्झवर चार सेकंदांच्या एका तुकड्याला सुमारे १३ हजार गुणाकार पडतात, म्हणजे दोन नमुन्यांतल्या वेळेपेक्षा जास्त. फिफो असल्याने नमुना गळत नाही. दर २५ वर आणला तर काम चौथाईवर येते आणि निवाड्यात फरक पडत नाही.

१ मार्च : जे चालणे नाही

भांडी घासताना यंत्र गोंधळत नाही, लय तुटक असते. पोळ्या लाटणे, पीठ मळणे, आरतीच्या टाळ्या यांत मात्र गोंधळते. टाळ्यांची लय सेकंदाला दोनच्या जवळपास, नियमित, फाटकातून सहज आत. कमरेच्या यंत्राला यातले काहीच कळत नाही, हाच त्याचा गुण. दिंडीत टाळ वाजवत चालणाऱ्याच्या मनगटावर तर दोन्ही लयी एकमेकींवर चढतात. तिथे मनगटावर मोजूच नये, कंबर घ्यावी.

मनगटासाठी एक अर्धा उपाय: संथ सरासरीतून गुरुत्वाची दिशा मिळते. हात लोंबता असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या अक्षावर जवळपास १ जी असतो. तो ०.५ जीच्या खाली गेला, म्हणजे हात उभ्या रेषेपासून ६० अंशांहून जास्त वळलेला असला, तर फाटक सहाऐवजी बाराचे. मोजणी बंद करायची नाही: मोबाइल बघत किंवा कडेवर मूल घेऊन चालणाऱ्याचाही हात आडवाच असतो.

उलट बाजूची चूक जास्त चिवट आहे. बाजारातली ढकलगाडी, बाबागाडी, जिन्याचा कठडा: मनगट स्थिर, पावले चालू. लहरच नाही तिथे गणित काय करणार.

८ मार्च : मंद चाल

हळू चालणाऱ्या वयस्कर माणसाच्या कमरेवरच्या लहरीचा कमाल-किमान फरक ०.०८ जीच्या खाली जातो. ही मर्यादा ०.०५ केली की पावले मिळतात आणि त्यासोबत खुर्चीत चुळबुळ करणाराही मिळतो. फाटक चारचे आणि मर्यादा ०.०५ ही जोडी घरातल्या घरात ठीक, वाहनात निकामी.

चाकाशिवायचा वॉकर घेऊन चालताना लयच नसते. उचल, टेक, एक पाऊल, दुसरे पाऊल, थांब. फाटक दर वेळी बंद होते. इथे घोट्यावरचा जायरो घ्यावा. पाय पुढे जाताना नडगी फिरते आणि तिचा कोनीय वेग दर फेरीला एक ठळक शिखर देतो, चाल कितीही मंद असो. मर्यादा ±५०० अंश प्रति सेकंद (१ अंश = ६५.५). फाटक लागत नाही, फक्त उंबरठा आणि किमान अंतर. फिफोत जायरोचा एकच अक्ष वाढवला तर नमुना ८ बाइटांचा होतो आणि १,०२४ ला ८ ने पूर्ण भाग जातो, रांगेचा तो खड्डा बुजतो. किंमत बॅटरीत मोजावी लागते: १५० एमएएच ÷ ३.६, म्हणजे एकट्या जायरोपुरतेच सुमारे ४२ तास.

१५ मार्च : बेरीज आणि जुळणी

समजा खरी पावले १००. यंत्राने १२ चुकवली आणि हात हलवल्याची ११ भलतीच मोजली. पडद्यावर ९९. चूक एक टक्का, मानकात दिमाखात बसते. पण खऱ्यातली फक्त ८८ सापडली, आणि मोजलेल्या ९९ पैकी ११ खोटी. दुसऱ्या दिवशी हात कमी हलले की हेच यंत्र ८८ दाखवेल. बरीचशी जाहिरातीतली अचूकता या बेरजेवरच उभी असते.

म्हणून व्हिडिओतल्या प्रत्येक पावलाला ±०.२५ सेकंदांत यंत्राचे एकच पाऊल जोडायचे. जोडी न मिळालेले खरे पाऊल म्हणजे सुटलेले. जोडी न मिळालेले यंत्राचे म्हणजे खोटे. दोन्ही आकडे वेगळे लिहायचे, प्रत्येक प्रकारच्या चालीसाठी वेगळे. फिल्टरचा विलंब आधी वजा करावा, नाहीतर जलद चालीत जोडी शेजारच्या पावलाशी लागते.

२२ मार्च : तयार मोजणीशी तुलना

बीएमआय१६०, बीएमए४२३, एलएसएम६डीएस३ यांच्यात पाऊलमोजणी चिपच्या आतच असते आणि ती फार कमी वीज खाते. मनगटी पट्टा विकायला करायचा असेल तर तीच घ्यावी. प्रयोगाला ती अपुरी, कारण बाहेर फक्त आकडा येतो.

मोबाइलशी तुलना करताना: अँड्रॉइडमध्ये ४.४ आवृत्तीपासून दोन वेगळे सेन्सर आहेत. पाऊल ओळखणारा दोन सेकंदांच्या आत कळवतो, मोजणारा दहा सेकंदांपर्यंत थांबतो पण जास्त भरवशाचा. मोजणारा मोबाइल सुरू झाल्यापासूनची बेरीज देतो आणि बंद-चालू केला की शून्यावर येतो, त्यामुळे फरक काढूनच साठवावा. अँड्रॉइड १० पासून हालचाल ओळखण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. ती नसेल तर सेन्सर काहीच कळवत नाही.

चालणे थांबवून लगेच मोबाइलवरचा आकडा टिपू नये. पंधरा सेकंद उभे राहून मग टिपावा.

पुढचे काम: जिना. उतरताना कमरेवरचे शिखर मोठे आणि चढताना बसके, त्यामुळे एकच उंबरठा दोन्हींना लागू पडत नाही. एकाच जिन्यावर तिन्ही यंत्रे, चढ-उतार वेगळे, कठड्याला हात लावून आणि न लावता, आणि व्हिडिओ खालच्या पायरीवरून न घेता बाजूने.